दोन दोऱ्यांचे हैदरभाई

हैदरभाईंना पूर्ण चहा पिताना मी आठ वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. अर्धा पेला झाला की त्यांना काहीतरी आठवतं आणि ते उठतात. पेला तसाच मशीनच्या फळीवर राहतो, त्यावर कडुलिंबाचं पान पडतं, आणि दुपारी चहावाला येऊन मलाच विचारतो, "मॅडम, हे संपलंय का? न्हेऊ?" जशी काही मी त्यांची सेक्रेटरी आहे.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. आमच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली, हैदरभाईंचं शिलाई मशीन. बॅगांच्या चेन, छत्र्यांच्या काड्या, तंबूचं कापड, रेक्झिन, जे दुसरा शिंपी हातात धरत नाही ते सगळं त्यांच्याकडे येतं. माझ्या पर्सची चेन त्यांनी पहिल्यांदा बसवून दिली तेव्हाच मला कळलं की या माणसाला बूड टेकवणं जमत नाही. मशीनवरसुद्धा ते एका मांडीवर बसतात, दुसरा पाय रस्त्याकडे. चार टाके घातले की उठून फाटकापर्यंत जाऊन येतात. का, तर काही नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "हैदरभाई, तुमच्या पायाला भिंगरी आहे का?" तर म्हणाले, "भिंगरी न्हाय मॅडम, हवा हाय." आणि गेले परत फाटकाकडे.

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या कॉलेजात म्हणतात. बरोबर म्हणतात. पण हैदरभाईंसमोर दगडसुद्धा चिडेल.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत ते दसरा ते संक्रांत छत्र्या-बॅगा बाजूला टाकायचे आणि मांजा सुतायचे. चेलीपुऱ्यात त्यांच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा होती. तिथे खांब रोवून, दोऱ्याच्या येरझाऱ्या ताणून, काच आणि भाताची लुगदी फडक्यात धरून ते या खांबापासून त्या खांबापर्यंत दिवसभर चालायचे. चालायचं काम म्हणूनच ते त्यांना मानवलं असावं. नायलॉनला त्यांनी कधी हात लावला नाही, साधा सुती दोराच. पण धार अशी की वैजापूरचे, करमाडचे पतंगवाले दुकानात येऊन "हैदरचा दोरा" असं नाव घेऊन मागायचे. त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांवर त्या दिवसांच्या पांढऱ्या रेघा अजून आहेत. गच्चीवरून ते दोनदा पडलेही आहेत. हवा पडली आणि पतंग बसायला लागला की पतंगबाज दोरा खेचत मागे मागे सरकतो. डोळे आभाळात, पाठ जगाकडे. गच्ची संपली हे त्याला खाली आल्यावर समजतं. दुसऱ्या वेळी त्यांचा डावा कोपर मोडला. तो अजून सरळ होत नाही.

आणि मग ती संक्रांत आली. त्यांची मुलगी रुक्सार तेव्हा एकोणीस वर्षांची होती. क्लासवरून स्कूटीवर येत होती. जालना रोडच्या पुलावर कुणाच्या तरी कटलेल्या पतंगाचा दोरा आडवा लोंबत होता, तो तिच्या गळ्यावर आला. चौदा टाके पडले. मुलगी वाचली. तो दोरा सुती होता की नायलॉनचा, कुठल्या दुकानातला, कुणी सुतलेला, कुणालाच कळलं नाही. ज्यांनी तिला रिक्षात घातलं त्यांनी तो तोडून फेकून दिला होता, आणि तेव्हा दुसरं सुचणार तरी काय?

हैदरभाईंनी दुसऱ्या दिवशी खांब उपटले. काचेची पोती मनपाच्या गाडीत टाकली. आणि त्या दिवसापासून त्यांची चुळबुळ, जी आधी नुसती खोड होती, ती दुखण्यासारखी झाली. घरात जेवायला बसत नाहीत. ताट हातात घेऊन दारात उभे राहून जेवतात, असं त्यांची बायको सगीराभाभी मला सांगायची. रुक्सार खोलीत आली की हे बाहेर. सहा वर्षं बापलेकीत सरळ बोलणं नाही. ती म्हणणार, "अम्मी, अब्बांना सांग लाइट बिल भरायचंय." हे म्हणणार, "सगीरा, तिला म्हण भरलंय." दोघं एकाच घरात, मध्ये एक भिंत, तीही अर्ध्या विटेची.

एकदाच, फक्त एकदाच, हैदरभाई माझ्याजवळ त्याबद्दल बोलले. माझ्या छत्रीची काडी बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "दवाखान्यात ती खाटंवर व्हती. दाराला काच व्हती. मी बाहीर. तिला बोलता येत नव्हतं. तिनं हात वर केला आन् माझ्याकडं बोट केलं, मॅडम." त्यांनी काडी आत दाबली. "तिला समजलं व्हतं," ते म्हणाले. "आपल्या बापाचं काम हाय हे, असं तिला समजलं व्हतं." आणि छत्री माझ्या हातात देऊन फाटकाकडे गेले. छत्री उघडून बघायचंही त्यांना सुचलं नाही, काडी उलटी बसली होती.

हे मी रुक्सारला कधी सांगितलं नाही. ती आमच्या वाचनकक्षात नर्सिंगचा अभ्यास करायला यायची. गळ्याभोवती कायम ओढणी. ती मला एवढंच म्हणायची, "मॅडम, अब्बा माझ्यासमोर बसत का नाहीत?" मला दोघांचाही राग यायचा. दोन शहाणी माणसं आणि मधल्यामध्ये मी. पण एकाची गोष्ट दुसऱ्याच्या कानात घालायची नाही असा माझा नियम आहे. त्या नियमाचा आज मला पश्चात्ताप होतो, तो मी इथेच नोंदवून ठेवते.

पतंग त्यांच्या आयुष्यात परत आला तो एका परदेशी पाहुण्यामुळे. वेरूळ बघायला आलेला उंच माणूस एक फाटका पतंग घेऊन लिंबाखाली आला. पतंग म्हणजे कागदाचा चौकोन नाही. कापडाचा, तिकोनी, माणसाच्या उंचीहून रुंद, आत दांड्या, आणि त्याला दोन दोऱ्या. डाव्या हातात एक, उजव्या हातात एक, टोकांना मनगटात अडकवायचे पट्टे. डावी ओढली की डावीकडे वळतो, उजवी ओढली की उजवीकडे. हैदरभाईंनी पाहुण्याला दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं आणि मध्ये तो पतंग वर्तमानपत्रावर पसरून पेन्सिलीनं उतरवून घेतला. पाहुण्यानं जाताना विद्यापीठामागच्या माळावर उडवून दाखवला. हैदरभाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम, ह्याच्यात पेच न्हाय. कुणाला कापायचंच न्हाय." असं बोलताना ते चक्क एका जागी उभे होते.

त्यानंतर त्यांनी तीन पतंग शिवले. छत्रीचं कापड, तंबूच्या मोडक्या दांड्या, आणि मासे धरायची विणलेली बारीक दोरी, जिच्यावर दीड माणूस लोंबला तरी तुटत नाही. रविवारी सकाळी मला पकडून माळावर न्यायचे, कारण पतंग उभा धरायला कुणीतरी लागतं आणि माझ्याकडे गाडी आहे. मी शिकले, हळूहळू. खांदे दुखून यायचे, पण दोन हातांत वारा धरला की ग्रंथालयातली सगळी धूळ डोक्यातून जायची.

कुठल्या वाऱ्याला कुठला पतंग, हे त्यांचं शास्त्र मी तोंडपाठ केलंय. लिंबाची पानं नुसती हलत असतील तर हलका पांढरा. फांद्या हलायला लागल्या की मोठा जांभळा. आणि चहाच्या टपरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आपल्या आपण सरकायला लागल्या की जाळीवाला. जाळीवाल्याच्या अंगात निम्मं कापड आणि निम्मी जाळी, शाळेच्या दप्तराला पाण्याच्या बाटलीचा खिसा असतो ना, त्या खिशाची. जोराचा वारा जाळीतून निघून जातो, मग पतंग माणसाला ओढत नाही. दिसायला मात्र तो जाळीवाला भिकारडा. दोन्ही दोऱ्या बोटभरही कमीजास्त चालत नाहीत, नाहीतर पतंग एका अंगाला पडतो. म्हणून ते दर वेळी खुंटीला अडकवून दोऱ्या मापायचे, तेवढं एक काम मात्र शांतपणे करायचे.

आणि सगळ्यात मोठा नियम, जो त्यांनी मला पन्नास वेळा सांगितला: "वारा अंगावर आला, पतंग ओढाया लागला, की मागं सरकायचं न्हाय मॅडम. पतंगाकडं चालत जायाचं. आपण त्याच्याकडं गेलो की त्याचा जोर जातो." हे मला सांगायचे आणि स्वतः? स्वतः मागे सरकायचे. हवा पडली की मागे, हवा आली की टाचा रोवून आणखी मागे. चाळीस वर्षं गच्चीवर घालवलेला माणूस, त्याचे पाय त्याचं ऐकतील कशाला. मी ओरडायचे, "हैदरभाई, पुढे!" ते म्हणायचे, "व्हय व्हय," आणि मागे.

या आषाढात रुक्सारला नागपूरला नोकरी लागली. गुरुवारी जायचं होतं. सोमवारी हैदरभाई माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. ग्रंथालयात ते कधी येत नाहीत, शांतता त्यांना सोसत नाही.

"मॅडम, उद्या म्हैसमाळला गाडी काढता का? तिला घिऊन. एकदा बघू द्या तिला. हे कापीत न्हाय कुणाला, येवढं तिनं बघितलं म्हंजे..."

"म्हणजे काय?"

"म्हंजे मला बोलता यील."

"तुम्हीच विचारा तिला."

"मी विचारलं तर ती न्हाय म्हणंल." हातातली किल्ली त्यांनी या हातातून त्या हातात तीनदा केली. "ती गेली की गेली मॅडम. नागपूर काय इथं हाय?"

मी विचारलं. रुक्सार वाचनकक्षात पुस्तकं परत करायला आली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अब्बा बोलणार आहेत, की नुसता पतंगच दाखवणार आहेत?"

"बोलणार आहेत," मी म्हटलं.

"बोलणार असतील तर येते. नुसता पतंग असेल तर मला सामान बांधायचंय."

मी संध्याकाळी हैदरभाईंना बजावलं. आधी बोलायचं. पतंग नंतर. त्यांनी मान हलवली. इतक्या वेळा हलवली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मंगळवारी मी रजा टाकली. हैदरभाई पुढे, रुक्सार मागे, पतंगांची लांबोडकी रेक्झिनची खोळ दोघांच्या मधून आरपार. दौलताबादच्या घाटात त्यांनी काच खाली केली, वर केली, खाली केली. खुलताबादला भजी घ्यायला उतरले आणि भजी न घेताच आले. मागून रुक्सारनं बाहेर बघत विचारलं, "मॅडम, अजून किती वेळ?" हैदरभाईंनी समोर बघत मला सांगितलं, "वीस मिन्टं म्हणा." मी स्टिअरिंगवर हात आपटला आणि म्हणाले, "वीस मिनिटं."

म्हैसमाळच्या पठारावर आम्ही उतरलो तेव्हा माझ्या गाडीचं दार वाऱ्यानं हातातून हिसकलं. कणसं भाजणाऱ्या बाईनं आपल्या खुर्च्या गाड्याच्या चाकाला दोरीनं बांधून ठेवल्या होत्या. एक मोकळी होती ती गवतात उलटी पडलेली. म्हणजे जाळीवाला. प्रश्नच नव्हता. मी खोळ उघडली आणि जाळीवाला बाहेर काढला.

"त्यो न्हाय," हैदरभाई म्हणाले. "जांभळा."

"खुर्च्या बघा हैदरभाई."

"बघितल्या."

"मग?"

"जाळीवाला लांबून दिसत न्हाय मॅडम. ती काय बघंल? फडकं दिसतंय ते." आणि जांभळ्याच्या दांड्या बसवायला लागलेसुद्धा. बोलायचं आधी होतं, पतंग नंतर होता, हे मी त्यांना डोळ्यांनी सांगत राहिले आणि ते माझ्या डोळ्यांकडे बघेचनात. रुक्सार गाडीला टेकून उभी होती, ओढणी दोन्ही हातांनी गळ्याशी धरून. तिनं एकदा घड्याळ बघितलं. मला तिथेच त्या माणसाला दोन शब्द सुनवावेसे वाटले, पण तिच्यासमोर त्यांची शोभा कशाला करा. गिळला राग.

त्यांनी पाच-सहा दगड ओळीत मांडले. हे ते नेहमी करतात. "उडवणारा दगडांच्या पुढं. बघणारे दगडांच्या मागं. पतंग आन् दोऱ्या समदं पुढं ऱ्हातं, मागच्याला कायबी व्हत न्हाय." हे त्यांनी मला सांगितलं, पण आवाज रुक्सारला ऐकू जाईल एवढा लावला होता. मी दोऱ्या संपतात तिथपर्यंत जाऊन पतंग उभा धरला, त्यांनी मान हलवल्यावर सोडला, आणि लांबून वळसा घालून दगडांमागे रुक्सारशेजारी येऊन उभी राहिले.

जांभळा जो सुटला तो घरघरत सरळ माथ्यावर. असा आवाज मी माळावर कधी ऐकला नव्हता. हैदरभाईंच्या टाचा गवतात रुतल्या, अंग मागे कललं, आणि त्यांनी त्याला डावीकडे आडवा पळवला, जमिनीपासून हातभर वर, मग टोक उचलून वर, मग गोल, आणखी गोल, आणखी गोल. खरं सांगते, माझा राग तेवढा वेळ गेला. एवढा चुळबुळ्या माणूस, पण दोन्ही हात असे जपून हलत होते, जणू कुणाचं तरी मूल धरलंय. गोल फिरताना दोन्ही दोऱ्यांना एकमेकींचा पीळ पडत गेला. रुक्सार पुढे झुकून बघत होती.

"मॅडम, त्या एकमेकींवर घासतायत," ती म्हणाली. "कटत नाहीत?"

मी मुद्दाम मोठ्यानं ओरडले, "हैदरभाई, ती विचारतेय, कटत नाहीत का?"

त्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण त्यांचे खांदे एकदम हलले. "न्हाय!" ते ओरडले. "घासत्यात, सरकत्यात, पर कापीत न्हायत! उलटं फिरवलं की पीळ जातो! बघ, बघ आता!" शेवटचं "बघ" मला नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदा ते थेट तिला म्हणाले. तिनं ते ऐकलं. मी तिच्याकडे बघत होते, तिनं ऐकलं.

आणि तेवढ्यात हवा पडली.

डोंगरावरची हवा अशी मध्येच दोन-चार श्वास थांबते. पतंग वरून ढिला पडून यायला लागला. हैदरभाईंचे पाय चालू झाले. मागे. डोळे आभाळात, दोन्ही हात ओढत, मागे मागे. दगड ओलांडले. मी एका बाजूला सरले, रुक्सार दुसऱ्या बाजूला, आणि ते आमच्या दोघींच्या मधून पाठमोरे निघून गेले, आणखी पंचवीस-तीस पावलं. आम्ही त्यांना वाट दिली आणि उभ्या राहिलो. आम्हाला काही वावगं वाटलं नाही. दगड होते तिथेच होते, आम्ही होतो तिथेच होतो. फक्त ते आता आमच्या मागे होते आणि आम्ही दोघी त्यांच्या पुढे, दोऱ्यांच्या मैदानात.

मग थांबलेली हवा आली, सगळी एकदम.

जांभळा फुगला, उजवीकडे झेपावला आणि खाली आला. त्याच्या मागून दोन्ही दोऱ्या आडव्या, ताणलेल्या, कमरेच्या वर आणि डोक्याच्या खाली, गवत कापत याव्या तशा रुक्सारच्या बाजूला यायला लागल्या. त्या दिसत नव्हत्या, नुसती शीळ ऐकू येत होती. रुक्सार पतंगाकडे बघत होती. मी तिच्या नावानं ओरडले. वाऱ्यानं तो आवाज माझ्याच तोंडात कोंबला. मी वळून हैदरभाईंकडे बघितलं.

टाचा रोवलेल्या, अंग मागे, ते ओढत होते. जितकं ओढतील तितकी दोरी ताठ. त्यांनी बघितलं. मुलगी कुठे आहे आणि दोरी कुठे आहे, दोन्ही त्यांना एकदम दिसलं. आणि ते पळाले. मागे नाही. पुढे. दोन्ही हात समोर टाकून, मोडका कोपरही जेवढा सरळ होतो तेवढा करून, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस उतारावरून सुटल्यासारखा आपल्या मुलीकडे पळत आला.

दोऱ्या ढिल्या पडल्या. शीळ थांबली. पतंग खडकावर आपटला, दांडी मोडल्याचा आवाज इथपर्यंत आला. एक दोरी गवतात पडली आणि दुसरी रुक्सारच्या खांद्यावर, ओढणीवर, शिवणकामातला धागा पडावा तशी पडून राहिली. तिनं ती दोन बोटांनी उचलून बघितली. तेव्हा कुठे तिला समजलं.

हैदरभाई तिच्यासमोर येऊन थांबले. पायांत दोरीचा गुंता, गुडघा फुटलेला, श्वास लागलेला. त्यांचा हात तिच्या गळ्याकडे गेला आणि लांबच थांबला. घरात ते दखनी बोलतात. मी आपली मराठीत सांगते.

"लागलं का?"

तिनं मान हलवली. नाही.

झालं. तेवढं कळल्याबरोबर त्यांची नजर बाजूला गेली, पाय गुंत्यातून सोडवायला लागले आणि म्हणाले, "पतंग बघून येतो."

मी कपाळावर हात मारला. पण ती दोरी रुक्सारच्या हातात होती, आणि दोरीचं दुसरं टोक अजून त्यांच्या मनगटाच्या पट्ट्याला. तिनं दोरी धरून ठेवली. ते एक पाऊल गेले आणि मनगटाला ओढ बसली.

"बैठो, अब्बा," ती म्हणाली.

हे मात्र मी तिच्याच शब्दांत ठेवते. हैदरभाई बसले. दोन्ही मांड्या जमिनीला टेकवून, गवतात. ती त्यांच्यासमोर बसली. मला तिथून जायला हवं होतं, पण मी गेले नाही. खोटं कशाला बोला, मला ऐकायचं होतं.

हैदरभाईंनी पायांतला गुंता सोडवून बाजूला ठेवला, मग बोलले. "तो माझा दोरा असंल, नसंल. मला कळायला मार्ग न्हाय. पर असले दोरे मी करीत व्हतो. विकत व्हतो. धारदार हाय म्हणून लोक माझं नाव घ्यायचे, तर मला बरं वाटायचं. तुला तवाच समजलं व्हतं. तू काचंतून माझ्याकडं बोट केलं. त्या बोटासमोर मला उभं ऱ्हाता येईना, बेटा. अजूनबी येत न्हाय. मला माफ कर."

रुक्सारच्या कपाळाला आठी पडली, एखादं गणित जुळत नसलं की वाचनकक्षात पडायची तशी.

"बोट?" ती म्हणाली. "अब्बा, मला पाणी पाहिजे होतं."

हैदरभाईंनी मान वर केली.

"घसा जळत होता. बोलता येत नव्हतं. अम्मी औषध आणायला खाली गेली होती आणि दारात तुम्ही दिसलात. म्हणून तुम्हाला बोटानं खुणावलं. पाणी आणा म्हणून. तुम्ही माझ्याकडे बघितलं आणि निघून गेलात." तिचा आवाज चिरकला. तो तसा नेहमीच थोडा चिरका असतो, त्या संक्रांतीपासून. "मला वाटलं, माझा गळा बघून तुम्हाला किळस आली. सहा वर्षं मला तेच वाटतंय."

"न्हाय," हैदरभाई म्हणाले. "न्हाय, न्हाय, न्हाय."

"आता नर्सिंग शिकल्यावर कळलं, तेव्हा मला कुणी पाणी दिलंही नसतं. टाके ओले होते. पण तुम्ही आत तरी आला असतात."

ती रडत होती. मीही रडत होते आणि मला स्वतःची चीड येत होती, कारण त्या बोटाची गोष्ट पाच वर्षं माझ्याकडे पडून होती. मी एक वाक्य बोलले असते तर हे माळावर नाही, घरातल्या घरात झालं असतं. माझा नियम म्हणे.

वारा चालूच होता. मागे कणीसवाल्या बाईची खुर्ची गवतात उलटी-पालटी होत निघाली होती आणि ती तिच्यामागे पळत होती. खडकावर जांभळा फडफडत होता, त्याचं कापड फाटत चाललेलं ऐकू येत होतं. एरवी हैदरभाई एका फडफडीला तीनदा उठले असते. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. त्यांनी माझ्याकडे हात केला. काय पाहिजे ते मला पहिल्यांदा कळलं नाही, मग कळलं. मी माझ्या पिशवीच्या जाळीच्या खिशातून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी झाकण काढलं आणि बाटली रुक्सारपुढे धरली. थोडं पाणी तिच्या ओढणीवर सांडलं. तिनं ओढणी सोडून बाजूला ठेवली, बाटली घेतली आणि मान वर करून प्यायला लागली. तिच्या गळ्यावरची रेघ घोटाघोटाला हलत होती. हैदरभाई समोर बसून ती बघत राहिले, बाटली रिकामी होईपर्यंत.